स्टेंटची आवक झाली, जावक कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुतखड्याच्या नव्या शस्त्रक्रियांवर आपण अर्धं पान लेख छापलात. चीर नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. लेख चांगला आहे, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझं म्हणणं त्या लेखातल्या एका अर्ध्या वाक्याबद्दल आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आपण लिहिलंत, ‘आवश्यकतेनुसार तात्पुरता स्टेंट ठेवला जातो.’ पुढचं वाक्य लेझरबद्दल. तो तात्पुरता स्टेंट, म्हणजे लघवीच्या वाटेत ठेवलेली एक मऊ नळी, माझ्या पोटात चौदा महिने राहिला, म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण स्टेंटचा भाग तेवढा ठेवा.

मी एका कार्यालयात एकतीस वर्षं बारनिशीत काढली. शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी बारनिशीत येतो. त्याला आवक क्रमांक आणि तारीख पडते, तो कोणाच्या टेबलावर गेला ते लिहिलं जातं, आणि निकाली निघाला की शेवटच्या रकान्यात जावक क्रमांक पडतो. रकाना रिकामा म्हणजे कागद प्रलंबित. महिनाअखेरीस रिकाम्या रकान्यांचा गोषवारा काढून साहेबांपुढे ठेवणं हे माझं काम. बदल्या होऊन साहेब गेले, नवे आले, गोषवारा चुकला नाही. त्या बाईच्या पोटातली वस्तू चौदा महिने प्रलंबित राहिली, हे लिहिताना मला हसूही येतं आणि लाजही वाटते.

(जाता जाता: लेखात सगळीकडे ‘मूत्राश्म’ छापलं आहे. रात्री अडीच वाजता कुशीत कळ येते तेव्हा ती मुतखड्याची असते. मूत्राश्माची कळ आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.)

आमच्या घरात खडे वारशाने आले. अण्णांचं ऑपरेशन १९७४ साली झालं, मी तेव्हा शाळेत होते. तेव्हा किडनीतला खडा काढायचा म्हणजे किडनी उघड्यावर आणायची. कुशीत, शेवटच्या बरगडीच्या खालून पुढे पोटापर्यंत चीर, मग स्नायूंचे एकाखाली एक तीन थर, आणि त्याखाली किडनी. खडा निघाला करंगळीच्या पेराएवढा, आणि तो काढायला वाट केली वीतभर. वीतभर हे मी उगाच म्हणत नाही. अण्णा पालथे झोपले असताना मी एकदा त्या खुणेवर माझी वीत लावून पाहिली होती, ती पुरली नव्हती. तीन आठवडे दवाखान्यात, कुशीतून बाहेर आलेली रबरी नळी, आणि पुढे दोन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. त्या बाजूचं पोट पुढे कायम जरासं फुगलेलंच राहिलं. आभाळ आलं की खूण ओढते असं म्हणायचे, आणि आम्ही पोरं खिडकीतून आभाळ बघायचो.

त्या ऑपरेशनमधली एक गोष्ट मात्र कोणी विसरू शकलं नसतं, ती म्हणजे टाके. टोचायचे, खाजायचे, सदऱ्यात अडकायचे. दहाव्या दिवशी टाके काढायला कोणी आठवण करून द्यावी लागली नाही, अण्णांनीच दोन दिवस आधीपासून कंपाउंडरच्या मागे लकडा लावला होता.

मग १९८९ मध्ये धाकट्या भावाला खडा झाला. तोवर जग कुठल्या कुठे गेलं होतं. त्याच्या अंगाला सुरी लागलीच नाही. त्याला एका खुर्चीसारख्या पाळण्यात बसवून मोठ्या टाकीतल्या कोमट पाण्यात उतरवलं. खाली, पाण्यातच, मोटारीच्या स्पार्क प्लगसारखं काहीतरी. त्याची ठिणगी पडली की पाण्यात धक्क्याची लाट उठते. ठिणगीभोवती लंबगोल आकाराचं धातूचं भांडं असतं. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. एका नाभीशी ठिणगी, दुसऱ्या नाभीशी रुग्णाचा खडा. सगळ्या लाटा भांड्यावर आपटून नेमक्या त्या खड्यावर येऊन मिळतात. मधलं मांस पाण्यासारखंच मऊ, त्यातून लाट जाते. खडा कडक, तो फुटतो. ठिणगी हृदयाच्या ठोक्याला धरून सोडायची, म्हणून ईसीजी लावलेला. हजाराच्या वर ठिणग्या. भूल असल्यामुळे भावाला काही आठवत नाही, पण बाहेरच्या बाकावर वहिनीला प्रत्येक ठिणगीचा टाळी वाजवल्यासारखा आवाज येत होता आणि ती मोजत बसली होती. चारशेनंतर तिने नाद सोडला.

या यंत्राच्या मुळाशी विमानं आहेत. जर्मनीतल्या डॉर्निअर कंपनीचे अभियंते ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले तर पत्र्याचं काय होतं याचा अभ्यास करत होते. थेंबाच्या माराने धातूच्या आत धक्क्याची लाट जाते, हे त्यातून कळलं. म्युनिकचे डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये तिचा पहिला उपयोग माणसाच्या खड्यावर केला. पुढे टाकी गेली, पाण्याची उशी आली, आता रुग्ण टेबलावर नुसता आडवा होतो.

भावाचं पुढचं आठवडाभर बरं गेलं. मग फुटलेले तुकडे मूत्रनलिकेत, म्हणजे किडनीतून मूत्राशयात उतरणाऱ्या नळीत, एकामागे एक असे येऊन बसले की वाहतूक ठप्प. जर्मन भाषेत याला ‘श्टाइनश्ट्रासे’, म्हणजे दगडी रस्ता, असा शब्द आहे आणि जगभरचे डॉक्टर तोच वापरतात. पण तोही प्रकार त्याच्या लक्षात राहायचं कारण होतंच. डॉक्टरांनी त्याला गाळणी दिली होती. दर वेळी लघवी गाळायची, आलेली रेती कागदाच्या पुडीत ठेवायची, पुडीवर तारीख घालायची. पुडी आली नाही, त्याच दिवशी काहीतरी अडलंय हे घरात सगळ्यांना कळलं. अशी नोंदवही मला आवडते.

आता माझी पाळी. उजव्या किडनीत अकरा मिलिमीटरचा खडा. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक आपले आपण पडतात, माझा पडण्यातला नव्हता. डॉक्टरांनी दोन वाटा समजावून सांगितल्या, आणि नीट सांगितल्या. एक पाठीतून. कातडीतून सुईने थेट किडनीत वाट करायची आणि तिथून खडा फोडून काढायचा. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी असा खडा पहिल्यांदा काढला. तेव्हापासून वर्षानुवर्षं ही वाट आठ ते दहा मिलिमीटर रुंद असायची, ती आता पाच-सहापर्यंत आली आहे. नडियादच्या डॉ. महेश देसाई यांनी तर २०११ साली दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या सुईतूनच बघायचं आणि त्याच सुईतून लेझर घालून खडा फोडायचा हे करून दाखवलं. दुसरी वाट खालून, देवाने दिलेल्याच मार्गाने. लघवीच्या जागेतून मूत्राशय, तिथून मूत्रनलिका, तिथून किडनी. दुर्बिणीची जाडी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर, टोक हवं तिकडे वळतं, अगदी मागे वळून आपल्याच शेपटाकडे बघू शकतं. खड्याच्या आकाराला दुसरी वाट पुरेशी होती. मी ती निवडली.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला त्याची चित्रफीत दाखवली. ती मी विसरणार नाही. गुलाबी भिंतींची एक छोटी गुहा, तिच्या तळाशी गुळगुळीत नसलेला, काटेरी, तपकिरी खडा. कोपऱ्यातून केसासारखा काचेचा धागा आत येतो, टोकाशी हिरवा ठिपका. ठिपका खड्याला टेकतो आणि खडा धुमसायला लागतो. तुकडे उडत नाहीत, पीठ निघतं. पाणी गढूळ होतं, निवळतं, ठिपका पुन्हा पुढे सरकतो, भिंतीला रंग देणारा ब्रश ओळीने फिरवतो तसा. होल्मियम नावाच्या धातूचा लेझर गेली तीसेक वर्षं हे काम करतो आहे, आणि आता थुलियमचा आला आहे, त्याचा धागा आणखी बारीक आणि पीठ आणखी मऊ. आत पाण्याचा दाब वाढला तर जंतू रक्तात शिरायची भीती, म्हणून आता पाणी आणि पीठ दोन्ही ओढून घेणाऱ्या नळ्याही निघाल्या आहेत. हे सगळं त्या डॉक्टरांनी मला एका बारनिशीतल्या बाईला कळेल अशा भाषेत सांगितलं. त्यांच्या हाताबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत घरी आले आणि आरशासमोर अंग वळवून वळवून पाहिलं. कुठे काही नाही. अण्णांची वीतभर खूण आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

आता स्टेंट.

दुर्बीण जाऊन आली की मूत्रनलिका सुजते. सूज आली की लघवी तुंबते, तुंबली की कळ. म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवून देतात. दोन मिलिमीटर जाड, सव्वीसेक सेंटिमीटर लांब, अंगाला भोकं. पूर्वीच्या सरळ नळ्या घसरून खाली यायच्या. १९७८ मध्ये फिनी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दोन्ही टोकांना इंग्रजी ‘जे’सारखी वळणं दिलेली नळी आणली. एक वळण किडनीत अडकतं, एक मूत्राशयात, मग ती जागची हलत नाही. यालाच डबल जे, म्हणजे डीजे स्टेंट म्हणतात. म्हणजे ती स्वतःहून बाहेर येऊ नये याचीच योजना केलेली आहे. काढायला कोणीतरी लागतं. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत काढतात, काही कारण असेल तर थोडं पुढे, आणि तीन महिन्यांपलीकडे सहसा ठेवत नाहीत. कारण लघवीतले जे क्षार खडा बनवतात तेच त्या नळीवर बसायला लागतात.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा काय माहीत होतं ते सांगते. भुलीतून नीट बाहेरही आले नव्हते तेव्हा कोणीतरी कानाशी ‘आत डीजे ठेवलाय हं मावशी’ असं म्हणाल्याचं पुसट आठवतं. मला वाटलं, काहीतरी औषध असेल. डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी होत्या. ‘राइट डीजेएस इन सिटू.’ आणि खाली, ‘रिव्ह्यू तीन आठवडे.’ मी एकतीस वर्षं सरकारी इंग्रजी वाचलेली बाई, पण ‘इन सिटू’ हे मला रोगाचं नाव वाटलं. (अर्थ एवढाच, की उजवीकडचा डीजे स्टेंट आत जागेवर आहे.) कागद मी पंच करून फाइलला लावला, माझ्या स्वभावाप्रमाणे, तारखेच्या क्रमाने.

तीन आठवड्यांनी मी गेले. वेळेवर गेले, हे मुद्दाम लिहिते. मोठे डॉक्टर परिषदेला परगावी गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट पाहिला, दुखतं का विचारलं, थोडं जड वाटतं म्हटलं तर ‘होईल कमी, पाणी भरपूर प्या’ म्हणाले आणि सही केली. घाई होती, बाहेर तीस माणसं होती. त्यांनी ‘इन सिटू’ वाचलं असेल, आणि ते मोठे डॉक्टर बघतील असं धरून चालले असतील. मोठ्या डॉक्टरांनी, मी येऊन गेले म्हणजे काढला असेल, असं धरलं असेल. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जाताना मधल्या जागेत हरवतो, तो असाच.

मग चौदा महिने. सारखं लघवीला लागायचं. लघवी होताना कुशीत आतून ओढल्यासारखं व्हायचं. ते का, हेही आता कळलं. मूत्राशयाच्या दाराशी एक झडपेसारखी व्यवस्था असते, ती लघवीला उलटं वर जाऊ देत नाही. नळी दारात अडकवलेली असल्यावर दार मिटणार कसं? जिने चढले की कधी लालसर लघवी. घरच्या डॉक्टरांनी तीनदा जंतुसंसर्गाचं औषध दिलं, तिन्ही वेळा थोडं बरं वाटलं. वयाप्रमाणे होतं, असं मीच मला सांगितलं. आणि ऑपरेशनचा संबंध? छे. ऑपरेशनची तर अंगावर खूणही नव्हती.

त्यात आणखी एक घोळ. मध्यंतरी केव्हातरी भाच्याने तो कागद चाळताना विचारलं होतं, ‘मावशी, तुला स्टेंट घातलाय का?’ शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. ‘अगं बाई, हार्टचा?’ त्यांच्या यजमानांना होता तो. त्यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि निष्कर्ष असा निघाला की स्टेंट म्हणजे एकदा घातला की जन्मभराचा, त्याला काही करायचं नसतं. हृदयाचा स्टेंट तसाच असतो, काकूंचं काही चुकलं नाही. शब्द एक, वस्तू दोन. एक कायमची, दुसरी उसनी. (हा शब्द लंडनच्या चार्ल्स स्टेंट नावाच्या दंतवैद्याच्या आडनावावरून आला, असं नंतर वाचलं. दातांचे ठसे घ्यायचा लगदा त्याने सुधारला होता. हृदयाशीही संबंध नाही आणि किडनीशीही नाही.)

शेवटी ताप भरला, थंडी वाजून. दुसऱ्या एका रुग्णालयात एक्स-रे काढला. तरुण बाई होत्या डॉक्टर. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि काही बोलल्याच नाहीत. मला लांबूनही दिसलं. पोटाच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ, आणि दोन्ही टोकांना दोन गोळे. त्यांनी विचारलं, ‘हा कधी घातला?’ मी फाइल उघडून तारीख सांगितली. फाइल जवळच होती.

तो काढायला दोन वेळा टेबलावर जावं लागलं. खालच्या टोकाचा गोळा मूत्राशयात दुर्बीण घालून लेझरने फोडला. वरचं टोक तसं सुटेना, म्हणून पाठीतून वाट करावी लागली. जी वाट मी चीर नको म्हणून टाळली होती तीच. खूण लहान आहे, सदऱ्याच्या बटणाएवढी, पण आहे. उजव्या किडनीचं काम थोडं कमी झालंय, ते आता तसंच राहील म्हणतात. काढलेला स्टेंट मला दाखवा असा मी हट्ट धरला. स्टीलच्या वाटोळ्या ट्रेमध्ये आणला. मधला भाग अजून निळा होता, दोन्हीकडे मात्र बंद घरातल्या नळाच्या तोटीला क्षार चढतात तसं पांढरं, खरखरीत, थरावर थर. बोट लावलं तर कुरकुरलं.

यात दोष कोणाचा, हे शोधायला मी हे पत्र लिहिलेलं नाही आणि त्या पहिल्या रुग्णालयाचं नाव मी कोणाला सांगितलेलं नाही. मीही कागद वाचून विचारायला हवं होतं. पण काही डॉक्टर म्हणतात की स्टेंट काढायला येणं ही रुग्णाचीच जबाबदारी, ते मला पटत नाही. आमच्या कार्यालयात अर्जदार फिरकला नाही म्हणून अर्ज निकाली निघत नसे. तो आमच्या वहीत प्रलंबित असे, त्याच्या नव्हे. आम्ही स्मरणपत्र क्रमांक एक पाठवायचो, मग दोन, मग रजिस्टर पोस्टाने तीन. साध्या दाखल्याच्या अर्जासाठी हे करायचो. आणि स्टेंटची आवक नोंद तर चोख असते! त्याच्या वेष्टनावर क्रमांकाचं स्टिकर असतं, ते काढून केसपेपरला चिकटवतात. माझ्याही केसपेपरवर होतं, नंतर मी जाऊन पाहिलं. सरळ, स्वच्छ चिकटवलेलं. फक्त त्यासमोर जावकचा रकाना नव्हता.

म्हणजे हवं काय, तर एक वही. काही रुग्णालयं संगणकावर अशी नोंद ठेवतात आणि तारीख उलटली की संगणकच ओरडतो. उत्तम. जिथे नाही तिथे शंभर पानी वही चालेल. नाव, फोन, कुठली बाजू, घातल्याची तारीख, काढायची तारीख, काढल्याची तारीख, सही. शनिवारी कोणीतरी ती उघडायची आणि शेवटचा रकाना रिकामा असेल त्याला फोन करायचा. आणि रुग्णाच्या हातात, जागा असताना, मराठीत छापलेली एक चिठ्ठी, ‘तुमच्या पोटात एक नळी आहे, ती अमुक तारखेला काढायची आहे, ती आपोआप निघत नाही, हृदयाच्या स्टेंटशी तिचा संबंध नाही.’ एवढी चार वाक्यं कुठल्याही लेझरपेक्षा कमी खटपटीची आहेत.

आणि आपले वाचक शस्त्रक्रियेला जाणार असतील तर त्यांनी आधी विचारावं, की नळी ठेवावीच लागेल का? खडा लहान, काम सुरळीत, नलिकेला इजा नाही, अशा वेळी ती न ठेवताही चालतं असं डॉक्टर सांगतात. ठेवलीच तर दोऱ्याची ठेवता येईल का, तेही विचारावं. तिच्या टोकाचा दोरा बाहेर राहतो आणि काही दिवसांत तो ओढून नळी काढतात. चुकून ओढला जायची भीती असते म्हणून ती सगळ्यांना देत नाहीत. पण दोरा दिसतो, मांडीला लागतो, त्रास देतो. अण्णांच्या टाक्यांसारखा. मला या सगळ्यात हेच सुचत राहतं. पूर्वी जखमच माणसाला तारखेची आठवण द्यायची. भावाच्या वेळी पुड्या द्यायच्या. माझ्या वेळी शस्त्रक्रिया इतकी सफाईदार झाली की लक्षात ठेवायला शरीरावर काही उरलंच नाही. ते काम आता कागदावर आलं आहे, आणि कागदाचं काम मला कळतं म्हणून बोलते.

आपल्याकडूनही एक अपेक्षा. असे लेख आपण पुढेही छापाल, छापायलाच हवेत, लोक अजून खड्याला घाबरून वर्ष वर्ष काढतात. पण त्यात एक चौकट स्टेंटची टाका. माझ्यासारखी एखादी बाई ती वाचून आपली फाइल उघडेल.

माझं पुढचं सांगते आणि थांबते. तो जुना स्टेंट काढल्यावर त्या डॉक्टर बाईंनी नवा घातला. घालावाच लागतो, दोन आठवड्यांसाठी. त्यांनी तोंडाने सांगितलं, कागदावर मराठीत लिहिलं, आणि मी घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल चौकोन काढला. शिवाय एक कोरा ताव घेऊन पट्टीने सात रकाने आखले आणि पाच भरले. चौदाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी दारात हजर. बधिर करायची जेली, बारीक दुर्बीण, चिमटा. मी वीस आकडे मोजेपर्यंत नळी बाहेर. निळी, स्वच्छ, जशी घातली तशी. मी पर्समधून तो ताव काढला आणि सिस्टरना म्हटलं, इथे तारीख घाला आणि सही करा. त्या हसल्या, पण केली. मग जरा वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मावशी, त्या कागदाची एक झेरॉक्स मिळेल का?’

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आवक-जावक लिपिक